डिजेरिडूवर श्वास ठेक्यात कसा बसवायचा

प्रश्न नाशिकच्याच एका तरुणाचा आहे. थोडक्यात असा: डिजेरिडू म्हणजे ऑस्ट्रेलियातलं लांब नळीचं फुंकवाद्य; त्याच्याऐवजी घेतलेल्या दीड इंची पीव्हीसी पाइपवर खर्ज, म्हणजे त्याचा एकच खोल सूर, वीस-पंचवीस सेकंद धरता येतो. ग्लासातल्या पाण्यात स्ट्रॉ घालून, बुडबुडे थांबू न देता नाकाने श्वास घेणंही जमलंय. पण तेच पाइपवर करायला गेलं की आवाज तुटतो, आणि ठेका धरला की उरलंसुरलंही जातं. तबल्याची थोडी तालीम झाली आहे. सनई वाजवणारे काका सांगतात, श्वास घेतलेला कुणाला कळता कामा नये. तर मग कुंभक वगैरे करून आधी दम वाढवावा का?

दम भरपूर आहे तुमच्याकडे. चांगले वाजवणारे दर तीन-चार सेकंदांनी, द्रुत लयीत त्याहूनही लवकर श्वास घेतात, आणि तो छाती रिकामी झाली म्हणून घेत नाहीत, ठेक्यात श्वासाची जागा आली म्हणून घेतात. तुमच्या वर्णनावरून तुम्ही शेवटपर्यंत ताणता आणि मग घाईघाईने नाकातून हवा ओढता. रिकाम्या छातीला मोठा श्वास लागतो, मोठ्या श्वासाला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ गालातली हवा पुरत नाही. आवाज तुटतो तो इथे.

आता स्ट्रॉवर जमतं ते पाइपवर का जमत नाही, ते पाहू. स्ट्रॉ अरुंद असते. तिच्यातून हवा हळूहळू जाते, म्हणून गालभर हवा आरामात दोन-तीन सेकंद पुरते. डिजेरिडूचं तोंड तीन सेंटिमीटरच्या आसपास असतं, ओठ सैल थरथरत असतात, हवेला अडवणारं फारसं काही नसतं. दाब कमी लागतो, पण हवा खूप जाते. तीच गालभर हवा इथे अर्ध्या सेकंदात संपते. सनईचं गणित याच्या उलट आहे. पत्तीतली फट बारीक, दाब जास्त, हवा अगदी थोडी. त्यामुळे सूर धरणारा साथीदार गालातल्या हवेवर निवांत श्वास घेऊ शकतो आणि खरंच कुणाला कळत नाही. सराफ बाजारातले जुने कारागीर फुंकणीने डाग देताना, म्हणजे दागिना सांधताना, ज्योत हलू न देता फुंकत राहायचे, तेही याच जोरावर. काका त्यांच्या वाद्यापुरतं शंभर टक्के बरोबर सांगतायत.

डिजेरिडूवर मात्र श्वास लपतच नाही, आणि याला कारण आहे. नाकाने हवा घेताना जिभेची मागची बाजू वर जाऊन मऊ टाळूला टेकते. तोपर्यंत गळा आणि तोंड मिळून एक पोकळी होती. आता गळा तुटून पडतो, उरतं फक्त तोंड, आणि तेही गाल आत येताना लहान होत जातं. खर्जाची उंची तीच राहते, पण आवाजाचा रंग झटकन बदलतो. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005 साली ‘नेचर’मध्ये मोजमापं घेऊन दाखवलं की, वाजवणाऱ्याच्या तोंडातल्या-गळ्यातल्या पोकळ्या काही ठरावीक उंचीचे स्वरांश, म्हणजे खर्जात मिसळलेले वरचे बारीक सूर, दाबून टाकतात, आणि उरलेले आपल्याला ‘वॉ’, ‘ई’, ‘ऊ’ असे ऐकू येतात. म्हणजे दर श्वासाला आवाजाचा रंग बदलणारच. तो बदल कुठेही, कसाही आला तर अडखळल्यासारखा वाटतो. दर वेळी त्याच मात्रेवर आला की तोच ठेका होतो.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, आर्नहेम लँडमध्ये, हे वाद्य असंच वाजतं. ईशान्य भागातले योल्ङू लोक त्याला यिडाकी म्हणतात, पश्चिमेकडच्या भागात मागो हे नाव ऐकू येतं. वाळवीने आतून पोखरलेलं निलगिरीचं खोड, तोंडाला मधमाशीचं मेण. तिथे ते एकट्याने ‘ध्यानसंगीत’ म्हणून वाजत नाही. गाणारा असतो, त्याच्या हातात बिल्मा म्हणजे लाकडी टिपऱ्या असतात, आणि यिडाकीवाला साथीला असतो. गाणाऱ्याची लय सोडून त्याला श्वास घेण्याची मुभाच नाही. शिकणारी मुलं आधी तोंडाने बोल म्हणतात, मग ते पाइपात उतरतात. तबला शिकलेल्याला हे वेगळं सांगायला नको; पढंत म्हणतो ती हीच. (पुष्कळ ठिकाणी विधींमध्ये हे वाद्य पुरुषच वाजवतात, आणि काही रचना ठरावीक कुळांच्याच मालकीच्या असतात. नेटवर सापडलेला एखादा पारंपरिक ठेका उचलून ‘मी बसवला’ म्हणू नये.)

तर क्रम असा ठेवा. आधी बोल, मग गालांचा झटका, आणि श्वास सगळ्यांत शेवटी.

श्वासाचं दार कुठे आहे ते आधी कळलं पाहिजे. मराठी माणसाला ते फुकट मिळालंय. ‘गंगा’ म्हणा आणि मधल्या अनुस्वारावर थांबा. जीभ मागे टाळूला चिकटलेली, तोंडातून हवा बंद, नाक उघडं. तो ‘ङ’ आहे, आणि नेमकी हीच स्थिती आपल्याला हवी आहे. ‘ङ’ धरून ठेवा आणि नाकाने आत-बाहेर श्वास घ्या. गालात हवा भरून तेच करा. मग बेसिनपाशी उभं राहून तोंडात पाणी घ्या आणि बारीक धार सोडत सोडत नाकाने श्वास घ्या. धार गालांनी आणि जबड्याने ढकलायची. पोट हललं तर चुकतंय. पाणी पुढे जातंय आणि नाकाने हवा आत येतेय, या दोन गोष्टी वेगवेगळ्या होतायत हे एकदा अंगाला कळलं की स्ट्रॉचा ग्लास बाजूला ठेवा. त्यावर आणखी महिने घालवण्यात अर्थ नाही. करायचंच असेल तर उसाच्या रसवंतीतली बारीक स्ट्रॉ सोडून मिल्कशेकची जाड घ्या, मग दोन एकदम धरा. हवा जास्त जाऊ लागते आणि पाइपच्या जवळ पोचता येतं.

आता पाइप. श्वास मुळीच घ्यायचा नाही. खर्ज लावा, गाल थोडे फुगू द्या, आणि जबडा वर घेत गाल आत दाबा. आवाजात ‘वुङ्’ असा एक गोळा येईल. तो ऐका, ओळखीचा करून घ्या. मग केरवा तालाच्या आठ मात्रा धरा, घड्याळाच्या सेकंदकाट्याच्या लयीत. तोंडाने आधी म्हणा:

डू ऊ री ऊ, डू ऊ री वुङ्

टाळी देत, पाइप न घेता, इतक्या वेळा म्हणा की कंटाळा यावा. मग तेच पाइपवर, अजूनही श्वास न घेता. एक-दोन आवर्तनं वाजवा, थांबा, मोकळा श्वास घ्या, पुन्हा. आठवीवरचा झटका लयीत पडायला लागला की त्याच क्षणी नाकाने एक घोट हवा घ्या. एक घोट, बस्स. फूल हुंगताना घेतो तेवढी. गालांनी हवा ढकलणं आणि नाकाने हुंगणं ही एकच हालचाल झाली पाहिजे.

या लयीत आवर्तन आठ सेकंदांचं होतं, म्हणजे तुमच्या दमाच्या निम्म्याहून कमी. पहिल्या आवर्तनाच्या शेवटी छाती अजून बरीच भरलेली असेल आणि मन म्हणेल, आत्ता कशाला श्वास? घ्यायचाच. नेमका याच मोहाने सगळा ठेका बिघडतो. आणि आठवी हुकली तर पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या-दुसऱ्या मात्रेवर गुपचूप हवा चोरायची नाही. थांबा, समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून, पुन्हा धरा. चोरून घेतलेल्या श्वासाची सवय लागली की ती मोडायला फार वेळ जातो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी स्वतःच्या स्वतः शिकलेल्यांना नवख्यांपेक्षा जास्त त्रास होतो तो याच्यामुळे.

आवाज तुटतो तो बहुतेक वेळा आठव्या मात्रेवर नाही, समेवर तुटतो. हे नीट लक्ष देऊन पाहा. गाल पूर्ण रिकामे होतात, आणि फुप्फुसांतली हवा तोंडापर्यंत यायच्या आत ओठांची थरथर विझते. म्हणून गालात थोडी हवा शिल्लक असतानाच ‘ङ’चं दार उघडायचं आणि पोटाने समेवर हलकाच धक्का द्यायचा. सम थोडी वजनदार वाजेल. वाजू द्या, ती सम आहे. तबल्यावर धा जसा पडतो तसा इथे पोटाचा धक्का पडतो, आणि आठवीचा ‘वुङ्’ त्याची चाहूल देतो. मिनिटाला साठ मात्रांच्या या लयीत हे स्थिरावलं की लय ऐंशीवर न्या, आवर्तन सहा सेकंदांचं होईल. मग चौथीवर आणि आठवीवर असे दोन श्वास:

डू ऊ री वुङ्, डू ऊ री वुङ्

इथे एक गंमत होते, आणि ती कुणी आधी सांगितलेली नसली तर माणूस घाबरतो. मिनिटभर वाजवल्यावर गुदमरल्यासारखं वाटतं, आणि तरीही आणखी हवा आत घेता येत नाही. छाती भरलेलीच असते. हवा कमी पडलेली नसते. जेवढी बाहेर जाते त्याहून जास्त आत येत असते, आणि वापरलेली हवा, तिच्यातला कार्बन डायऑक्साइड, आत साठत जातो. उपाय दोन. घोट आणखी लहान करा, आणि समेचा धक्का थोडा जोराचा द्या, म्हणजे हवा बाहेर जाईल. एवढ्याने भागलं नाही तर एखाद्या आवर्तनात ‘वुङ्’च्या वेळी नाकाने हवा घेण्याऐवजी बाहेर सोडा. दार बंदच असतं, त्यामुळे आवाजाला धक्का लागत नाही. पुढच्या श्वासाच्या जागेला आत घ्या. हे जमलं की पाच मिनिटं, दहा मिनिटं हा आकडा उरतच नाही. त्या वेळी अडतात ते ओठ, दम नाही.

प्राणायामाबद्दल विचारलंय म्हणून. कुंभक रोखण्याची ताकद देतो, आणि आपल्याला इथे काहीच रोखून धरायचं नाहीये. अनुलोम-विलोम करत असाल तर जरूर करा, मन शांत राहील, वाद्याशी त्याचा थेट संबंध थोडाच. कपालभातीत मात्र एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे उच्छ्वास पोटाच्या झटक्याने होतो आणि श्वास आपोआप येतो. पोट सैल सोडलं की हवा आत. डिजेरिडूवरचा घोट असाच यायला हवा. नाकाने ओढू नका, ‘सूं’ असा आवाज येत असेल तर तुम्ही ओढताय. समेला पोट आत, आठवीला पोट सोडलं. खांदे जागचे हलता कामा नयेत. आरशासमोर बसलात तर लगेच दिसेल.

तबलजींचा एक दोष इथेच सांगून टाकतो. त्यांना रिकामी मात्रा बघवत नाही. दोन दिवस झाले की प्रत्येक मात्रेत तिरकिट भरतात. जीभ चालवायला मराठी बोलणाऱ्याला अडचण नाही. ट, ड, ण, ळ हे मूर्धन्य वर्ण आपल्याकडे आहेत, आणि योगायोगाने योल्ङूंच्या भाषांतही ते आहेत, त्यामुळे जीभ मागे वळवून वाजवायचे बोल युरोपातल्या शिकणाऱ्यापेक्षा आपल्याला लवकर बसतात. पण श्वासाच्या आधीच्या मात्रेला जीभ मोकळी हवी, कारण तिला मागे जाऊन दार लावायचंय. सातवीवर तिरकिट आणि आठवीवर श्वास, असं करायला गेलात तर दोन्ही जातील. भरणा करायचा तर दुसरी-तिसरी, पाचवी-सहावीत करा. केरवा पक्का झाल्यावर झपताल घ्या, पाचवीवर आणि दहावीवर श्वास. दोन-तीनच्या वजनामुळे तो डिजेरिडूवर फार देखणा लागतो. दादरा त्यामानाने सोपा, सहावीवर श्वास, त्यावर वेळ घालवू नका.

पाइपबद्दल थोडं. सरळ पीव्हीसी हवा जास्त खातो, खाली रुंद होत जाणारी नळी कमी. तरी शिकायला पीव्हीसी वाईट नाही. दीड इंची, साधारण 1.3 मीटर लांब असेल तर खर्ज 65 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे पेटीच्या पांढरी एकला बसतो. सात-आठ सेंटिमीटर कापलात तर काळी एक. याहून लांब पाइप घेऊ नका, ओठ आणखी सैल लागतात आणि हवा आणखी जाते. तोंडाला मेण लावलंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दीड इंचाचं भोक उघडंच ठेवलं असेल तर निम्मी अडचण तिथेच आहे. मधमाशीचं मेण कोमट पाण्यात मळून त्याची वळी काठावर बसवा आणि आतलं भोक 28 ते 30 मिलिमीटरपर्यंत आणा. एप्रिल-मेमध्ये पाइप गाडीत ठेवू नका, मेण ओघळून आत जातं. पीव्हीसी गॅसवर तापवून तोंड वळवायचे व्हिडिओ फिरतात, त्या धुराच्या नादी लागू नका.

पुढे लाकडाकडे वळायचं असेल तर मानवेल बांबू टाळा, तो बराचसा भरीव असतो. कळक बघा, पोकळी चार सेंटिमीटर तरी हवी. पेरांचे पडदे लांब सळईने फोडायचे. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, बांबू तडकतोच. दर पेराखाली फेविकॉल लावून दोरा गुंडाळा. माझी आवड विचाराल तर घायपात. बांधावर, रेल्वेच्या कडेला फुलोऱ्याचा वाळलेला दांडा उभा असतो, बुंध्याकडे जाड आणि वर निमुळता. उभा चिरून आतला भुसा कोरायचा आणि पुन्हा चिकटवायचा. वजनाला काहीच नाही आणि आवाज गोड. दांडा पूर्ण वाळलेलाच घ्या, ओल्या घायपाताच्या रसाने अंगाला भयंकर खाज येते.

ऐकायला मात्र ऑस्ट्रेलियाला जायची गरज नाही. सुरगाणा, कळवण, बागलाणकडे मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी वाजते, पेठ-जव्हारच्या बाजूला तारपा. वाद्यं वेगळी, भोपळ्याची आणि जिभल्यांची, पण वाजवणारा नाचणाऱ्यांच्या पायांवर नजर ठेवून तासन्‌तास न थांबता फुंकत असतो. कुणी ओळखीचं असेल तर जा, परवानगी घ्या, मोबाइल खिशात ठेवा आणि त्याचे गाल बघा. श्वास पायांच्या ठेक्याशी कसा बांधलेला असतो ते मी लिहून सांगण्यापेक्षा तिथे लवकर कळेल.

घोरणं कमी व्हावं म्हणून हे वाद्य शिकायचंय असंही अनेक जण म्हणतात. त्याला आधार आहे: 2006 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये स्वित्झर्लंडमधली एक चाचणी छापून आली. झोपेत श्वास अडण्याचा मध्यम स्वरूपाचा त्रास असलेले 25 जण होते, त्यांतल्या 14 जणांनी चार महिने हे वाद्य वाजवलं आणि त्यांची दिवसाची झोपाळू अवस्था कमी झाली. त्याला 2017 चं इग नोबेलही (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं. पण 25 म्हणजे थोडेच लोक. डॉक्टरांनी झोपताना लावायचं श्वासाचं मशीन दिलं असेल तर ते बंद करून पाइप घेऊ नये.

सराव एका वेळी पंधरा मिनिटांहून जास्त नको, बसूनच करा. चक्कर आली तर पाइप खाली ठेवा. हर्नियाचं किंवा डोळ्यांचं ऑपरेशन झालं असेल, डोळ्यांतला दाब वाढलेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. सर्दीत सुट्टी. डिसेंबर-जानेवारीत इथल्या थंडीने सकाळी नाक चोंदतं, तेव्हा संध्याकाळी बसा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर पाइपचं टोक फरशीवर टेकवू नका, खर्ज स्लॅबमधून थेट खालच्या घरात जातो. घडी घातलेल्या सतरंजीवर टेकवा.

आठवड्याने एकदा रेकॉर्ड करा. मोबाइल तोंडाजवळ ठेवलात तर नाकाचाच आवाज येईल. तो पाइपच्या खालच्या टोकापासून दोनेक मीटरवर ठेवा. ऐकताना डोळे मिटून हाताने केरवा धरा. आठवी मात्रा दर आवर्तनात तुमच्या टाळीबरोबर पडत असेल तर चौथीवरचा श्वास सुरू करा. मागेपुढे होत असेल तर लय पन्नासवर आणा आणि पाइप बाजूला ठेवून दोन दिवस नुसती पढंत करा.